घर बांधून झालं, मग अंगणातला आंबा का वाळतोय?

वास्तुशांतीला ज्या आंब्याच्या पानांचं तोरण लावलं, तोच आंबा तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतो. माळी येऊन खोडावरचा भुसा दाखवतो आणि ‘भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागलीय’ म्हणतो. दुकानदार बुरशीनाशकाचं पाकीट पुढे करतो. शेजारचे काका बुंध्याशी दोन किलो युरिया टाकायला सांगतात. चाळीस वर्षं ठणठणीत असलेल्या झाडाला आत्ताच हे सगळं का लागावं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

बांधकामाने झाड सहसा लगेच मरत नाही, आणि निदान चुकण्याचं पहिलं कारण हेच. मोठ्या झाडाच्या खोडात आणि जाड मुळांत स्टार्चचा साठा असतो. पाणी ओढणारी निम्मी मुळं तुटली तरी त्या साठ्यावर पुढच्या एक-दोन पालव्या निघतात, कधीकधी मोहोरही भरघोस येतो. साठा आटत गेला की पानं लहान होतात आणि शेंडे मागे पडतात. हे दिसायला एक ते पाच वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. तोवर ठेकेदाराचा हिशेब मिटलेला असतो, चर बुजलेले असतात आणि वर पेव्हर ब्लॉक बसलेले असतात. कीड आणि बुरशी खरी असते, पण ती बहुधा नंतर आलेली असते. म्हणून पानांकडे बघण्याआधी बांधकामाचा इतिहास काढायचा आणि मग जमीन उकरायची.

मुळं कुठे असतात

‘झाड जेवढं वर तेवढंच खाली’ ही समजूत सगळ्यात महाग पडते. मोठ्या झाडाची बहुतेक मुळं वरच्या 60 सेंमी मातीत असतात. पाणी आणि अन्नद्रव्यं ओढणारी तंतुमुळं तर बहुतांश वरच्या 30 सेंमीतच असतात. ती पसरतातही फार लांब, फांद्यांच्या घेराच्या बाहेर, पुष्कळदा खोडापासून फांदी जाते त्याच्या दुप्पट अंतरापर्यंत. याचं कारण हवा. मुळं श्वास घेतात आणि मातीत जसजसं खोल जावं तसतसा प्राणवायू कमी होतो. पुण्या-साताऱ्याकडे दीड-दोन फुटांवर मुरूम लागतो, कोकणात जांभा. तिथे मुळं आणखीच वरच्या थरात पसरतात.

चांगल्या मातीचा जवळजवळ निम्मा भाग पोकळ्यांचा असतो, काही पाण्याने भरलेल्या, काही हवेने. ओल्या मातीवरून खडीने भरलेला डंपर गेला की मोठ्या, हवेच्या पोकळ्या आधी चेपतात. बहुतेक नुकसान पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच होतं. ‘एकदाच तर गाडी आत घेतली होती’ हा बचाव त्यामुळे लंगडा आहे. विटांचे थर, वाळूचा ढीग, सळयांचा गठ्ठा सहा महिने झाडाखाली पडून राहिला, तरी परिणाम त्याच जातीचा.

आधी टेप काढा

जमिनीपासून छातीच्या उंचीवर, म्हणजे सुमारे 1.3 मीटरवर, खोडाचा घेर मोजा आणि 3.14 ने भागा. समजा घेर 188 सेंमी आला, तर व्यास 60 सेंमी. व्यासाला 12 ने गुणलं की 720 सेंमी. खोडाभोवती 7.2 मीटर त्रिज्येचं हे वर्तुळ म्हणजे झाडाचा जपायचा मूळपरिसर. मुळं त्याच्या बाहेरही असतात, पण एवढं शाबूत राहिलं तर झाड बहुधा तगतं. व्यासाच्या तिप्पट, म्हणजे इथे 1.8 मीटरच्या आतलं वर्तुळ वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं असतं. झाडाला उभं धरणारी जाड मुळं तिथे असतात. तिथे चर खणला गेला असेल, तर झाड वाळण्यापेक्षा पडण्याची काळजी आधी करायची.

आता कागदावर हे वर्तुळ काढून त्यात घराचा पाया, कंपाउंड भिंत, सेप्टिक टाकी, पाण्याची जमिनीखालची टाकी, ड्रेनेजच्या चेंबरची रांग आणि गाडी लावायची जागा मांडा. वरच्याच झाडापासून 2.5 मीटरवर पायाचा एक सरळ चर गेला असेल, तर वर्तुळाचा सुमारे 28 टक्के भाग तुटला. घराच्या कोपऱ्यात झाड आलं आणि दोन बाजूंनी 2.5 मीटरवर काटकोनात चर गेले, तर जवळजवळ निम्मा भाग गेला. निरोगी झाड पाव भागाचं नुकसान बऱ्याचदा सोसतं. निम्म्याला बहुतेक झाडं टिकत नाहीत, किंवा टिकली तरी वर्षानुवर्षं कुढत राहतात. एक भिंत आणि दोन भिंती यांत एवढा फरक पडतो, हे कागदावर मांडल्याशिवाय लक्षात येत नाही.

नारळ आणि सुपारीला हे गणित लावू नका. त्यांना आंब्यासारखी जाड होत जाणारी मुळं नसतात. बुंध्यातून पेन्सिलीएवढ्या जाडीची असंख्य मुळं निघतात आणि नवी निघत राहतात. म्हणून एका बाजूचा चर नारळ पचवतो, तोच चर आंब्याला जड जातो.

काय काय झालं, तारखांसकट

मुकादम, शेजारी, जुने फोटो, बिलं, जिथून मिळेल तिथून माहिती काढा. सगळ्यात मोठा प्रश्न भरावाचा. रस्ता दरवेळी डांबराने वर येतो, म्हणून नवं घर बांधताना प्लॉटही दीड-दोन फूट मुरूम टाकून उचलून घेतात. मुरूम रोलरने दाबतात, त्यावर कच आणि कचेवर पेव्हर. जुन्या जमिनीतली मुळं आता हवेपासून दोन फूट खाली गेलेली असतात. चिकण मातीचा 15-20 सेंमी भराव आणि तोही दाबलेला असला, तरी नाजूक झाडाला पुरतो. उलट जमीन खरवडून खाली घेतली असेल, तर तंतुमुळांचा थरच डंपरमधून गेला.

दुसरा प्रश्न पाण्याचा. स्लॅब आणि भिंतींवर आठवडा-दोन आठवडे पाणी मारतात आणि ते उतारावरच्या झाडाशी साचतं. बांधकाम संपलं की ते पाणी एकदम बंद होतं. नंतर गच्चीचा पावसाळी पाइप कुठे सोडला? आधी उतारावरून झाडाकडे येणारं पावसाचं पाणी कंपाउंडने अडवलं का? आणखी एक नेहमी सुटणारी गोष्ट: बोअरचं पाणी जड म्हणून नव्या घरात वॉटर सॉफ्टनर बसतो. त्याची टाकी मिठाच्या पाण्याने धुतली जाते आणि ते खारट पाणी पुष्कळदा बागेतच सोडलेलं असतं. त्यातल्या सोडियमने काळी माती आणखी घट्ट होते आणि पानांच्या कडा करपतात. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र निरुपद्रवी असतं.

तिसरा प्रश्न माल कुठे कालवला याचा. मिलर (माल कालवायचं यंत्र) उभा होता ती जागा, थापी आणि घमेली धुतली ती जागा, पीओपी आणि रंगाचे डबे खंगाळले ती जागा. सिमेंटच्या पाण्याचा सामू (पीएच) 12च्या पुढे असतो. आपली काळी जमीन मुळातच 7.5 ते 8.5 सामूची, त्यात ही भर.

जमिनीवरचे बदलही लिहून ठेवा. शेजारचं झाड काढल्यामुळे खोडावर दुपारचं थेट ऊन येतं का, एसीच्या बाहेरच्या युनिटचा गरम झोत फांद्यांवर येतो का, दिवाळीला गुंडाळलेली माळेची तार तशीच राहून सालीत रुतली आहे का, हे सगळं बघा.

झाड काय सांगतं

पहिली अट अशी की त्याच जातीच्या, आसपासच्या, बांधकामाने न छेडलेल्या झाडाशी तुलना केल्याशिवाय बोलायचं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ, कडुनिंब पानं गाळतातच. रायवळ आंबा आणि हापूस एका वर्षाआड कमी फळतात, तो आजार नव्हे. कोकणात झाड कंत्राटाने दिलेलं असेल, तर कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) घातलं होतं का ते विचारा. मात्रा जास्त झाली की फुटी आखूड आणि गिचमीड होतात आणि मूळ मेल्यासारखंच चित्र दिसतं. फांदीवर वेगळ्याच पानांचा झुपका असेल तर ते बांडगूळ. ते उपटायचं नाही. जिथे चिकटलं आहे त्याच्या थोडं मागून फांदीसकट कापायचं.

हे सगळं वगळल्यावर फुटीची लांबी मोजा. आंब्यात प्रत्येक पालवीच्या सुरुवातीला फांदीवर जवळजवळ कड्यांसारख्या खुणा राहतात. शेंड्याकडून मागे येत त्या खुणांमधलं अंतर पट्टीने मोजलं, की गेल्या तीन-चार पालव्यांचा आलेख हातात येतो. मागच्या पालव्या वीतभर आणि शेवटच्या दोन चार-पाच बोटांच्या असतील, तर ऱ्हास कधी सुरू झाला ते झाडानेच लिहून ठेवलं आहे. ती तारीख बांधकामाच्या तारखांशेजारी मांडा. सगळ्या तपासणीतली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे.

मग झाडापासून लांब जाऊन, आकाशाच्या पार्श्वभूमीवर बघा. एकाच बाजूच्या फांद्या वाळल्या असतील, तर त्या बाजूची मुळं तुटल्याचा संशय घ्या. काही खोडांचा पीळ तिरका असतो, त्यामुळे बाजू थोडी सरकू शकते. सगळीकडून सारखाच विरळपणा असेल, तर भराव, दाबलेली माती किंवा साचलेलं पाणी. शेंडा वाळतोय आणि खाली खोडातून, जाड फांद्यांतून सरळ उभे फुटवे येताहेत, याचा अर्थ शेंड्यापर्यंत पाणी चढवणं झाडाला झेपत नाही आणि ते खालच्या मजल्यावर संसार हलवतंय. माळी हे फुटवे ‘उगाच आलेत’ म्हणून छाटतो. ते छाटू नयेत, सध्या झाडाची पोटापाण्याची सोय तीच आहे.

वाळलेल्या वाटणाऱ्या काडीची साल नखाने खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं असेल तर मेलेली. हे टोकाकडून मागे मागे करत जा, म्हणजे मर कुठे थांबली ते कळतं.

पानांचा पिवळेपणाही वाचता येतो. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं चित्र. सामू चढलेल्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. जुनी पानं आधी पिवळी पडून गळत असतील तर कारण वेगळं, बहुधा नत्र किंवा एकूणच मुळांची उपासमार.

खोडाच्या छिद्रातून भुसा पडत असेल, तर भिरूड आहेच. तिचा भुंगेरा कमकुवत झाडं हेरतो. वाकवलेल्या तारेने अळी ओढून काढा, छिद्र चिखलाने लिंपा, औषध कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणेच वापरा. पण भिरूड काढली म्हणजे निदान झालं, असं समजू नका.

आता खाली बसा

निरोगी झाडाचा बुंधा जमिनीशी पसरलेला असतो, हत्तीच्या पायासारखा, आणि त्या पसाऱ्यातून मुळं बाहेर पडताना दिसतात. खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं दिसलं, तर बुंधा गाडला गेला आहे. याचं आपल्याकडचं सर्वात लाडकं कारण म्हणजे पार. झाडाभोवती दोन फुटी गोल भिंत, आत माती, वर फरशी. बसायला झकास, झाडाला गळफास. खोडाची साल मुळाच्या सालीसारखी नसते. कायम ओली राहिली तर ती कुजते. शिवाय नव्या मातीत खोडाला नवी मुळं फुटतात, ती बाहेर जायला वाट नसल्यामुळे खोडाभोवतीच फिरतात आणि पुढे जाड होऊन आवळतात.

बुंधा उघडायला पहार-टिकाव वापरायचा नाही. खोडापासून हातभर अंतरावर खुरप्याने सुरुवात करा आणि खोडाकडे येताना हाताने, ब्रशने किंवा नळीच्या हलक्या धारेने माती काढा. खोड बाहेरच्या बाजूला वळायला लागून पहिली जाड मुळं दिसली की थांबा. तिथली मूळ जमीन हीच होती. उघड्या सालीवर चाकूच्या टोकाने अगदी हलकी रेघ मारा. आत मलईच्या रंगाचं किंवा हिरवट, ओलसर दिसलं तर ठीक. तपकिरी, आंबूस वासाचं, बोटाने सोललं जाणारं असेल, तर तो भाग मेला. बुंध्याच्या घेरापैकी किती सेंमी साल मेली, ते टेपने मोजा. एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल तर प्रकरण गंभीर. निम्म्याहून जास्त असेल तर फार आशा धरू नये. खोडाला आडवी आवळणारी मुळं दिसली तर फोटो काढून ठेवा. बारीक असतील ती करवतीने कापता येतात, मनगटाएवढी जाड मात्र जाणकाराला दाखवल्याशिवाय तोडू नयेत.

बुंध्याशी किंवा जमिनीलगत पंख्यासारख्या, वरून तकतकीत विटकरी-तपकिरी कडक अळंब्या उगवल्या असतील, तर आतलं लाकूड कुजत आहे. लाकडी हातोडीने खोडावर खालून वर ठोका देत जा. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळ जागेचा ढप्प आवाज यांतला फरक दहा मिनिटांत कानाला कळतो.

सळई, खड्डा आणि व्हिनेगर

बांधकामातून उरलेली 10-12 मिमीची तीन फुटी सळई घ्या. पाऊस किंवा भरपूर पाणी पडल्यानंतर दोन दिवसांनी, मूळपरिसरात दहा-पंधरा ठिकाणी हाताने उभी दाबा. आधी नळ, वीज आणि गॅसच्या लाइन कुठून गेल्यात ते विचारून घ्या. मोकळ्या मातीत सळई फारशा जोराशिवाय 30 सेंमी जाते. चार बोटांवर अडत असेल तर माती दाबलेली आहे. टण्ण आवाज आला तर खाली राडारोडा. तुलनेसाठी प्लॉटचा असा कोपरा शोधा जिथे गाडी गेलीच नाही. तिथला आकडा हीच तुमची फूटपट्टी. कोरड्या काळ्या मातीत ही चाचणी निरर्थक आहे, तेव्हा ती विटेसारखीच असते.

मग खड्डे. खोडापासून दोन मीटरवर, वर्तुळाच्या मध्यावर आणि फांद्यांच्या टोकाखाली, असे शक्य तितक्या दिशांना 30 सेंमी लांब-रुंद-खोल. फावड्याने भसाभस नव्हे, खुरप्याने थर काढत. किती खोलीवर मुरूम संपून जुनी माती लागते, तो भरावाचा खरा आकडा. माती करडी-निळसर आणि सडक्या अंड्याच्या वासाची असेल, तर तिथे हवा संपली आहे. मुळं हातात घेऊन बघा. टोकं पांढुरकी आणि कडक असतील तर जिवंत. काळी बुळबुळीत, बाहेरची साल बाहीसारखी ओढली की आत नुसता दोरा राहतो, ती पाण्यात गुदमरून कुजलेली. ताठ, कोरडी, टोकाला फाटून चिरफळ्या झालेली म्हणजे जेसीबीच्या बकेटने ओढलेली. त्या तुटलेल्या टोकामागून नव्या मुळांचा झुपका फुटला असेल, तर झाड अजून लढतंय, आणि तुमच्या हातात वेळ आहे.

त्याच खड्ड्यात पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभराने पातळी मोजा. तासाला 2 सेंमीच्या वर उतरलं तर चांगलं. एक सेंमीच्या आत असेल तर निचरा मंद. दुसऱ्या दिवशी तेवढंच पाणी उभं असेल, तर झाडाला पाण्याची नव्हे, निचऱ्याची गरज आहे. पानं मलूल दिसतात म्हणून अशा झाडाला रोज पाणी घालणं, ही सर्वात जास्त आढळणारी चूक. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, त्यामुळे वरून दिसणारं चित्र अगदी तहानेसारखंच असतं. फणस तर साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही.

मातीच्या ढेकळावर पांढरं व्हिनेगर टाकलं आणि फसफसलं, तर चुना आहे. पण चुनखडीच्या जमिनीत ते एरवीही फसफसतं. म्हणून मिलरच्या जागेची आणि लांबच्या कोपऱ्यातली, दोन्ही ढेकळं शेजारी ठेवून बघा. पक्कं कळायला 0-15 आणि 15-30 सेंमीचे नमुने वेगळ्या पिशव्यांत भरून माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. सामू, क्षारता आणि मुक्त चुना एवढं मागा. सॉफ्टनरचा संशय असेल तर सोडियमही.

कारण कळलं, आता काय

बुंधा गाडला असेल तर तो उघडाच ठेवायचा. पाराची भिंत राहू दे, आतली माती मूळ पातळीपर्यंत काढा आणि भिंतीला खालून पाणी निघायला भोकं ठेवा. पूर्ण मूळपरिसरावरचा भराव काढताना मात्र घाई नको. चार-पाच वर्षं झाली असतील, तर झाडाने भरावातच नवी तंतुमुळं काढलेली असू शकतात. भराव एकदम खरवडला तर उरलासुरला आधारही जाईल. खड्ड्यांत जिवंत मुळं कोणत्या थरात दिसली, त्यावरून ठरवा.

दाबलेल्या मातीवर ट्रॅक्टर किंवा कुदळ चालवू नका, उरलेली मुळंही तुटतील. खोडापासून दोन मीटर सोडून, 60-60 सेंमीवर, 5 सेंमी रुंद आणि 30-40 सेंमी खोल भोकं गिरमिटाने पाडा, त्यांत मुरलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत भरा. जाड मूळ लागलं तर भोक सरकवा. जास्त फायदा होतो तो सायकलच्या आऱ्यांसारख्या, खोडाकडून बाहेर जाणाऱ्या चरांचा: 20 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल, दोन जाड मुळांच्या मधून, हाताने खणलेले. हे काम वळवाचा पाऊस पडून माती मऊ झाली की करावं, म्हणजे पावसाळ्यात मुळं त्यात शिरतात.

पेव्हर असतील तर निदान 3 मीटर त्रिज्येतले उचला. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. खोड फुगायला तेवढं पुरतं. आपल्या उदाहरणातल्या 7.2 मीटरच्या वर्तुळात मात्र ते दोन टक्केसुद्धा भरत नाही.

मोकळ्या केलेल्या जागेवर 7 सेंमी जाडीचं आच्छादन घाला, पालापाचोळा आणि फांद्यांचा चुरा, खोडापासून वीतभर लांब. 30 चौरस मीटरला सुमारे 2.1 घनमीटर लागेल, म्हणजे 50 लिटरच्या चाळीस-बेचाळीस गोण्या. दोन गोण्यांत भागवून उपयोग नाही. पाणी द्यायचं ते 30 सेंमी खोल ओल जाईल इतकं, चौरस मीटरला 40-50 लिटर, ठिबकने किंवा हळू नळीने. उन्हाळ्यात काळ्या मातीत बारा-पंधरा दिवसांनी, मुरमाड जमिनीत आठवड्याने. खुरप्याने उकरून ओल बघितल्याशिवाय पुढचं पाणी नाही.

युरिया नको. नत्राने वर पानं फुटतात, पण त्यांना पाणी पुरवायला खाली मुळं नसतात. साठ्यातला उरलेला स्टार्च मात्र खर्च होतो. लोहाची कमतरता असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकून फार काही होत नाही, चुनखडीच्या मातीत ते लगेच बद्ध होतं. ईडीटीए प्रकारचं चिलेटही (मुळांना मिळेल अशा रूपात बांधलेलं लोह) जास्त सामूत टिकत नाही. तिथे ईडीडीएचए प्रकारचंच लोह लागतं. महाग असतं, म्हणून आधी सिमेंटचा थर उचलून टाका आणि मगच पैसे खर्च करा.

छाटणी फक्त मेलेल्या लाकडाची, जिवंत सालीच्या थोडं आतून. आंब्याला कापावर 10 टक्के बोर्डो मलम लावतात: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांड्यात नाही. ‘वरचा भार हलका करू’ म्हणून झाड बोडकं करणं म्हणजे आजाऱ्याचं जेवणच बंद करणं.

सुधारणा दिसायला दोन ते चार वर्षं धरा. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये एकाच जागेवरून फोटो घ्या आणि त्याच चार फांद्यांच्या नव्या फुटीची लांबी मोजा. फूट वाढत असेल तर शेंड्याची वाळकी टोकं तशीच राहिली तरी चालतं.

केव्हा सोडून द्यावं

निम्म्याहून जास्त विस्तार वाळलेला आणि दरवर्षी वाढत चाललेला, बुंध्याशी अळंब्या, किंवा आतल्या वर्तुळात जाड मुळं तुटलेली, यांपैकी दोन गोष्टी जुळल्या तर झाड घरावर कोणत्या बाजूने पडेल याचा विचार सुरू करा. खोड झुकलं आणि झुकण्याच्या उलट बाजूला जमिनीत भेग पडली किंवा माती उचलली गेली, तर त्याच दिवशी त्याखालची वर्दळ बंद करून उद्यान विभागाला कळवा.

शहरी हद्दीत महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडांच्या संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. त्या कायद्यात ‘तोडणे’ या शब्दात झाडाला इजा करणंही येतं. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 2021 च्या दुरुस्तीने वारसा वृक्ष म्हणून वेगळं स्थान दिलं आहे. गोव्यात यासाठी 1984 चा वेगळा कायदा आहे. अर्जासोबत वरची मोजमापं, खड्ड्यांचे आणि बुंध्याचे फोटो जोडले, तर पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याचंही काम सोपं होतं.

झाड काढलं की जमिनीचं वागणं बदलतं, हे काळ्या मातीवर घर असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. मोठं झाड उन्हाळ्यात ओल खेचून माती आकसून ठेवत असतं. ते गेल्यावर पुढच्या पावसाळ्यांत ती माती ओल धरून फुगते आणि जवळच्या भिंतीला तिरक्या भेगा जाऊ शकतात. जमिनीतली मुळं पुढच्या काही वर्षांत कुजतात आणि वरचे पेव्हर खचतात. त्यामुळे ते लगेच सिमेंटने पक्के करून घेऊ नका, दोन-तीन पावसाळे जाऊ द्या.